लगाम खेचला की घोडा आणखी पळतो: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

तक्रार साधारण अशी असते. रेसमधून निवृत्त झालेला घोडा आणला. जमिनीवरून हाताळला तर गाईसारखा गरीब. मुलगी खरारा करते, तो डोळे मिटून उभा राहतो. चालीत ठीक, दुडकीतही ठीक. कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगवान चाल, सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या फेरीला वेग चढायला लागतो. मुलगी लगाम खेचते, तो आणखी पळतो, ती आणखी खेचते. शेवटी कुणीतरी ओरडत रिंगणात शिरतं, नाहीतर घोडाच दमून थांबतो. मग आठवडाभर विश्रांती होते, बिट (लगामाचा तोंडात बसणारा भाग) बदललं जातं, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गेल्या काही वर्षांत ही तक्रार मी बऱ्याच पालकांकडून ऐकली. त्याआधी वर्षभर ती माझ्याच घरची होती. आमच्या घोड्याचं कागदोपत्री नाव भारदस्त इंग्रजी आहे, तबेल्यात सगळे बाळू म्हणतात. आला तेव्हा सात वर्षांचा, कुमैत रंगाचा, खच्ची केलेला, 16 हात उंच, म्हणजे मानेच्या बुडाशी साधारण 163 सेंटिमीटर. वजन 470 किलोच्या आसपास. लेक तेव्हा बारा वर्षांची, 36 किलोंची. एकास तेरा. जोर लावून थांबवण्याचा विचार तिथेच संपला.

पुण्याचा रेसचा सीझन पावसाळ्यातला, जुलै ते ऑक्टोबर. मग नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत, महालक्ष्मीला. दर सीझनच्या शेवटी काही घोडे बाहेर पडतात. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, दोन वर्षांचा असतानाच शर्यतीत उतरतो आणि बरेचसे पाच ते आठ या वयात निवृत्त होतात. नीट सांभाळला तर पंचवीस वर्षं सहज जगतो. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग अजून बाकी असतो. आपल्याकडे असे घोडे रायडिंग स्कूलला जातात, जंपिंगला जातात, काहींच्या नशिबी वरात येते. स्वस्तात मिळतो, देखणा असतो, म्हणून मुलासाठी घेण्याचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्या मुलाचा हा पहिला घोडा असू नये. ज्या मुलाला दुडकीत लगाम न धरता मांड सांभाळता येते, आणि ज्याच्या मागे एखादं अनुभवी मोठं माणूस रोज उभं राहणार आहे, त्याच्यासाठीच पुढचं लिहिते आहे.

घोडं कुठे पेंड खातंय हे शोधताना क्रम महत्त्वाचा. लोक उलट्या टोकाने सुरू करतात: आधी कडक बिट, मग ट्रेनर बदल, मग घोडा विकणे, आणि डॉक्टर कधीच नाही. मीही पहिले तीन महिने तेच केलं.

आत्ता, या क्षणी पळतोय तर

मुलाला हे जमिनीवर, घोडा उभा असताना इतक्या वेळा करायला लावा की डोक्याने विचार करावा लागू नये. टाच खाली, पाठ मागे, पुढे वाकायचं नाही. पुढे वाकलेलं अंग म्हणजे जॉकीचं अंग, घोड्याला ते चांगलंच ओळखीचं आहे. दोन्ही लगाम एकदम खेचून धरायचे नाहीत. आतला लगाम घ्या, सोडा, घ्या, सोडा, आणि घोड्याला वर्तुळात आणा. वर्तुळ हळूहळू लहान करत न्या. लहान वर्तुळात भरधाव पळणं त्याला अवघड जातं आणि वेग आपोआप उतरतो. भरधाव घोड्याचं डोकं एका झटक्यात गुडघ्याशी ओढायला काही जण शिकवतात. पूर्ण वेगात ते करू नका, घोडा तोल जाऊन मुलासकट आडवा होऊ शकतो.

म्हणून पहिले काही महिने मोकळं मैदान वर्ज्य. बंद रिंगण हवं, जमीन घट्ट पण कडक नसलेली, आणि फाटक बंद. डोक्याला चांगलं हेल्मेट, त्याची पट्टी आवळलेली. पायात टाच असलेले बूट, म्हणजे पाय रिकिबीतून पलीकडे जाऊन अडकत नाही. आणि घोडा चालवत नेताना दोर हाताला गुंडाळायचा नाही. हे शेवटचं मुलांना दहादा सांगावं लागतं, कारण गुंडाळलं की त्यांना घट्ट धरल्यासारखं वाटतं.

आधी अंग तपासा

दुखणारा घोडा पळतो. त्याच्याकडे दुसरा उपायच नसतो. खोगीर टोचतंय, पोट जळतंय, दात लागतोय, तर ज्यापासून त्रास होतोय त्यापासून दूर जायचं एवढंच त्याला कळतं. तो त्रास त्याच्या पाठीवरच बसलेला असतो ही त्याची अडचण.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पोटाकडे. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. त्यावर उतारा म्हणजे लाळ, आणि लाळ सुटते फक्त चघळताना. निसर्गात तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, त्यामुळे हिशेब जुळतो. रेसच्या तबेल्यात मात्र दिवसातले बावीस-तेवीस तास खोलीत, दाणा भरपूर, गवत बेताचं, आणि सकाळी जोरदार पळणं. सरावातल्या बहुतेक घोड्यांना जठरात व्रण असतात, हे जगभरच्या तपासण्यांत वारंवार दिसलं आहे. लक्षणं अगदी साधी असतात. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे पाडणं, चावायला वळणं, चंदी अर्धी सोडणं, तुकतुकी नसलेली कातडी. बाळू तंग आवळताना दात विचकायचा. आम्ही त्याला नखरा म्हणायचो. लेक त्याला «नको म्हणतोय» म्हणायची. तिचं बरोबर होतं.

खात्रीचं निदान दुर्बिणीने जठर पाहूनच होतं. ते शक्य नसेल तर घोड्यांची सवय असलेल्या पशुवैद्यांना बोलवा आणि त्यांच्या सल्ल्याने औषधाचा पूर्ण कोर्स करा. मनाने माणसांच्या गोळ्या देऊ नका. एक गोष्ट मात्र आजपासून करता येईल: स्वार होण्याच्या वीस-तीस मिनिटं आधी त्याच्यापुढे थोडं गवत किंवा लसूणघास टाका. पोटात चाऱ्याचा थर असला की पळताना आम्ल वर उसळून जठराच्या नाजूक भागाला लागत नाही.

मग तोंड. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याला मोकळी हिरडी असते, बिट तिथेच बसतं. काही घोड्यांना दाढांच्या अगदी पुढे एक छोटासा, फुकटचा दात असतो. बिट त्यावर आपटलं की तो डोकं झटकतो. दाढांच्या कडा धारदार होऊन गाल सोलतात तो प्रकार वेगळाच. वर्षातून एकदा दात तपासून घासून घ्यावेच लागतात.

पाठ आणि खोगीर तपासायला डॉक्टर लागत नाही. थरोब्रेडच्या मानेच्या बुडाचा उंचवटा चांगलाच वर आलेला असतो. मूल बसल्यावर तिथे खोगिराखाली दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. काम झाल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला हवा. मध्येच कोरडा डाग दिसला तर तिथे खोगीर दाबतंय. बाळूच्या डाव्या खांद्यामागे तळहाताएवढा कोरडा डाग होता. आमचं खोगीर दुसऱ्या कुणाच्या तरी घोड्याच्या मापाचं, आम्हाला कमी पैशांत मिळालेलं. खोगीरभरती हा शब्द मी तोवर फक्त वर्तमानपत्रात वाचला होता.

खुरांचं थोडक्यात. रेसचे नाल ॲल्युमिनियमचे, हलके असतात. बाहेर आलेल्या घोड्याचं खूर बऱ्याचदा पुढून लांब आणि टाचेला बसकं असतं. नालबंदाला दर चार ते सहा आठवड्यांनी बोलवा, आणि एका खेपेत सगळं सरळ करायचा हट्ट धरू नका. नाल काढून टाकला की काही दिवस खडीवर तो चुकत चालेल, तेव्हा त्यावर स्वारी नको.

मग चंदीचं पोतं उघडा

इथे खरोखरच घोडं पेंड खात असतं. घोडा रेसमधून बाहेर पडतो, पण त्याचा खुराक बाहेर पडत नाही. सायस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, सवयीने तेच ओट, बार्ली, हरभरा, गहू-कोंडा घालत राहतो. प्रेमाचाच भाग असतो तो. आणि तासभर मुलाला फिरवण्यापलीकडे घोड्याला काम नसतं. ती ताकद कुठे जाणार?

450-470 किलोच्या घोड्याला दिवसाला वाळल्या हिशेबाने निदान 7 ते 9 किलो चारा हवा, म्हणजे वजनाच्या दीड ते दोन टक्के. गवत, थोडी लसूणघास, मीठ आणि भरपूर पाणी. उन्हाळ्यात बाळू चाळीस लिटर सहज पितो. हलकं काम असेल तर दाणा अगदी थोडा पुरतो. बदल मात्र एका दिवसात करायचा नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू. नाहीतर पोटशूळ उठेल आणि रात्री दोनला डॉक्टरांना उठवावं लागेल.

त्याच्याबरोबर मोकळं सोडणं. आमच्याकडे मुळशीच्या वाटेवर जागा आहे म्हणून जमलं, शहरातल्या तबेल्यात कठीण असतं हे कबूल. पण दिवसातून दोन-तीन तास तरी तो बिनखोगिराचा, दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने हिंडला पाहिजे. पहिल्या दिवशी एकदम मोठ्या मैदानात सोडू नका. वर्षानुवर्षं खोलीत राहिलेला घोडा मोकळा सुटला की उधळतो आणि पाय मोडून घेतो. छोट्या कुंपणात, आधी थोडा चारा खाल्लेला, शांत सोबती शेजारी, असं सुरू करा.

नुसता खुराक आणि मोकळं सोडणं एवढ्यावर बाळू महिन्याभरात निम्मा सुधारला. पण निम्माच.

तो ऐकतोच आहे

आमचे सायसकाका तीस वर्षं रेसच्या तबेल्यात होते. एका संध्याकाळी लेक रडत खाली उतरली, हाताला फोड आलेले. काका काही बोलले नाहीत. बाळूला कुंपणाशी उभं केलं आणि जमिनीवरूनच दोन्ही लगाम उचलले. मुठी जवळ आणल्या, एका मुठीतला लगाम दुसऱ्या मुठीत अडकवून दुहेरी केला आणि मानेच्या बुडाशी टेकवून घट्ट धरला. बस एवढंच. बाळूचे कान एकदम पुढे टवकारले. मान फुगली, त्याने बिटावर भार टाकला, आणि मागचे पाय जागच्या जागी नाचायला लागले. काकांनी लगाम सोडला. दोन श्वास गेले. बाळूची मान खाली आली, आणि त्याने नाकातून असा लांब फुरफुराट केला की काकांच्या शर्टाची बाही ओली झाली.

«ताई, पोरगी त्याला सांगतीया पळ,» काका म्हणाले, «आन् पळाला की त्याच्यावरच वरडतीया.»

सगळी मेख इथे आहे. जॉकी लगाम आखूड धरतो, घोडा त्यावर मान टेकवतो, त्या आधारावर पळतो. पकड घट्ट झाली याचा त्याच्या लेखी अर्थ: तयार राहा, आता सुटायचंय. 1200 मीटर तो सव्वा मिनिटाच्या आत कापतो आणि त्या सगळ्या वेळात लगाम ताणलेलाच असतो. शर्यत संपली की जॉकी उभा राहतो, लगाम सैल होतो, घोडा हळू होतो. म्हणजे आपल्याला जे थांबण्याचं वाटतं ते त्याच्यासाठी पळण्याचं, आणि पळताना आपण कधीही करणार नाही ते, म्हणजे लगाम सोडणं, त्याच्यासाठी थांबण्याचं.

घाबरलेलं मूल काय करतं? मुठी आवळतं, पुढे वाकतं, पाय पोटाला चिकटवतं. तिन्ही खुणा मिळून घोड्याला ऐकू येतं ते एकच. मग तो आज्ञाधारकपणे वेग वाढवतो, मूल आणखी घाबरतं. समस्या पुन्हा पुन्हा येते ती या चक्रामुळे. कडक बिट लावलं की तोंड दुखतं, म्हणून दोन दिवस तो बिचकून हळू चालतो आणि आपल्याला वाटतं जमलं.

आणखी काही गोष्टी त्याला कुणी शिकवलेल्याच नसतात. जॉकीला सायस चालत्या घोड्यावर उचलून बसवतो, त्यामुळे कुणी बसेपर्यंत स्थिर उभं राहायचं हे त्याला ठाऊक नाही. जॉकीच्या रिकिबी आखूड असतात, तो पाठीवर टेकत नाही, म्हणून पाठीवर बसलेलं वजन आणि दोन्ही बाजूंना लोंबणारे पाय हा त्याला नवा प्रकार. एकटं काम करण्याची सवय नसते, तबेल्यातून सगळे घोडे तांड्याने बाहेर पडतात. आणि मागून टापांचा आवाज आला की त्याच्या डोक्यात शर्यत लागते.

पुन्हा पहिली इयत्ता

इथून पुढे लागतो तो वेळ. आम्हाला कँटर परत सुरू करायला साडेचार महिने लागले. सुरुवातीचे सहा आठवडे बाळूवर मोठं माणूसच बसायचं, लेक मधोमध उभी राहून आवाज द्यायची.

आवाजापासून सुरू करा, कारण त्यावर रेसची पुटं चढलेली नसतात. लांब दोरावर, पंधरा ते वीस मीटरच्या वर्तुळात, जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. जास्त गोल फिरवलं की सांध्यांवर ताण येतो. एक शब्द ठरवा आणि तो बदलू नका. लेकीने «थांऽऽब» निवडला, खालच्या पट्टीत, शेवटचा ब जवळजवळ न ऐकू येणारा. तो थांबला की लगेच काम संपलं, दोर सैल, मानेच्या बुडाशी खाजवणं. घोडे एकमेकांना नेमके तिथेच दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. थोपटण्यापेक्षा हे त्यांना जास्त कळतं. आपण मात्र वर्षानुवर्षं घोड्याच्या मानेवर फाडफाड थापा मारत आलो आहोत.

मग पाठीवरून तेच, चालीत. क्रम असा: श्वास बाहेर सोडायचा, कमरेची हालचाल थांबवायची, «थांऽऽब» म्हणायचं, आणि तरीही तो थांबला नाही तरच लगामावर मूठ क्षणभर मिटायची. थांबला की त्याच क्षणी लगाम सोडायचा. ही सोडणी सगळ्यात महत्त्वाची. अर्धा सेकंद उशीर झाला तर त्याने बिटावर टेका घेतलेलाच असतो. लेक पहिल्यांदा बसली तेव्हा मी तिला प्रत्येक थांबण्याला मोठ्याने «सोड!» ओरडायचे. दोन आठवड्यांनी तीच मला म्हणाली, «आई, तू गप्प बस, त्याला वाटतं तू त्याला रागावतेस.»

सगळ्यात कामाला आलेली वस्तू म्हणजे रिकिबीचा जुना चामडी पट्टा. तो घोड्याच्या गळ्यात सैल बांधायचा. मूल घाबरलं की हात काहीतरी धरणारच, तो स्वभाव आहे. तेव्हा ते लगामाऐवजी पट्टा धरू दे. तोल सावरतो आणि घोड्याच्या तोंडात काही ओढलं जात नाही. लेक एका हाताने पट्टा आणि दुसऱ्या हाताने लगामाचा सैल झोका धरून दुडकी करायची. काही दिवसांनी पट्टा हलकेच मागे घेतला तरी बाळू मंदावायला लागला. हे आम्ही ठरवून शिकवलं नव्हतं.

दुडकी स्थिर करायला जमिनीवर चार वासे, साधारण 1.3 मीटर अंतराने. घोडा खाली बघतो, पावलं मोजतो, मान उतरते. तुमच्या घोड्याची पावलं लहान असतील तर अंतर थोडं कमी करा, तो अडखळायला लागला तर ते चुकलंय. दोन्ही दिशांना सारखं काम द्या. एकाच कोर्सवर वळणं एकाच बाजूची घेत आलेला घोडा एका अंगाने कडक झालेला असतो. त्या बाजूला वळताना तो वाकण्याऐवजी वेग वाढवतो. हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं: बाळू दर वेळी एकाच कोपऱ्यात सुटायचा. आम्हाला वाटायचं तिथून तबेला दिसतो म्हणून. दिशा उलटी केली तर तोच कोपरा त्याने शांतपणे घेतला.

कँटर परत सुरू केला तो सहा पावलांचा. सहा पावलं, मग दुडकी, मग चाल, लगाम लांब. तो सुटण्याआधी आपण वेग उतरवायचा. तिसऱ्या फेरीला तो तापतो हे माहीत आहे ना, मग दुसरी फेरी पूर्ण होऊच द्यायची नाही. काही आठवड्यांनी दहा पावलं, मग अर्धी फेरी. लेकीला हे अतिशय कंटाळवाणं वाटायचं. तिच्या मैत्रिणी तोवर उड्या मारायला लागल्या होत्या, त्या महिन्यात घरात बरेच दरवाजे आपटले गेले.

खोगीर उतरल्यावर

घोडा आणि मुलाचं नातं जुळलं की सगळं सुरळीत होतं असं लोक म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. बाळूला लेक पहिल्या आठवड्यापासून आवडायची, तिची सायकल दिसली की तो खिंकाळायचा, आणि तरीही तिला घेऊन उधळायचा. पण दुसरीकडून ते खरं ठरलं. जमिनीवर त्याच्याबरोबर तासन्‌तास घालवल्यामुळे तिला तो वाचता यायला लागला. सुटण्याच्या आधी दोन-तीन पावलं त्याचा डावा कान तिच्याकडून फिरून पुढे जायचा. मला आजही तो कळत नाही. तिला पाठीवरून कळायचा, आणि तेवढ्यात ती श्वास सोडून वर्तुळ घ्यायची.

म्हणून मुलाला खरारा करू द्या, खूर साफ करू द्या, दोन्ही बाजूंनी चालवत न्यायला शिकवा. सायस बहुधा डावीकडूनच नेतात, उजवीकडे माणूस आलं की रेसचा घोडा गोंधळतो. थांब, एक पाऊल मागे, पुन्हा थांब, असे खेळ खेळू द्या. बसण्याच्या ओट्याशी नुसतं उभं राहणं हा स्वतंत्र धडा करा: वर चढायचं, खोगिरावर रेलायचं, उतरायचं, त्या दिवशी बसायचंच नाही. मागून अचानक जायचं नाही, त्याच्या अगदी मागचं आणि नाकासमोरचं त्याला दिसत नाही. हातातून गूळ भरवू नका, चार दिवसांत तो खिसे चावायला लागतो. बादलीत द्या. गाजर लांब चिरा, गोल चकत्या घशात अडकतात. धनुर्वाताची लस दोघांचीही झालेली असू दे.

या सगळ्या वेळात मोठं माणूस हाकेच्या अंतरावर हवं, फोनमध्ये मान घातलेलं नको.

पुन्हा उलटलं तर

उलटणारच. आमच्याकडे आजवर चारदा उलटलं, आणि दर वेळी कारण सापडलं. पहिल्यांदा डिसेंबरातल्या थंड सकाळी, दोन दिवस पावसाने काम बंद होतं त्यानंतर. उपाय साधा, आधी मोकळं सोडा, लाथा झाडू द्या, मग खोगीर. दुसऱ्यांदा रिंगणात एक नवीन घोडा मागून कँटरने आला. त्यासाठी आम्ही महिनाभर ओळखीच्या घोड्याला मागून, आधी चालीत, मग दुडकीत येऊ दिलं. अंतर सुरुवातीला पंधरा मीटर, नंतर कमी. बाळू पुढे बघत राहिला की खाजवणं, फुगला की अंतर वाढवणं. तिसऱ्यांदा नवीन मदतनिसाने प्रेमाने दाणा दुप्पट केला होता. हे पोत्याच्या उंचीवरून कळलं.

चौथ्यांदा मात्र वाईट. सगळं तेच, हवा तीच, खुराक तोच, आणि तो डाव्या वळणावर पुन्हा पळायला लागला. मी लेकीच्या हातांना दोष दिला, ती चिडली. सायसकाकांनी पायावरून हात फिरवला आणि पुढच्या उजव्या पायाची मागची शीर (टेंडन) दुसऱ्या पायाहून गरम असल्याचं दाखवलं. जुनी रेसमधली दुखापत. सहा आठवडे फक्त हातात धरून चालवणं. म्हणून कारण सापडत नसेल तर पुन्हा वरून सुरू करा, अंगापासून. काम सुरू करण्याआधी रोज चारही पायांवर हात फिरवायची सवय मुलालाच लावा, दोन मिनिटं लागतात.

आणि काही घोड्यांचं हे जमत नाही. उभा उठणारा, पाठीवरून मुद्दाम फेकणारा, किंवा दुखणं बरं होऊनही महिनोन्‌महिने सुटत राहणारा घोडा मुलाखाली ठेवू नका. तो अनुभवी माणसाकडे सुखी राहील, किंवा नुसता चरत राहिला तरी हरकत नाही. मूल रडेल. ते चालतं.

आमच्याकडे आता पूर्वपरीक्षा जवळ आली आहे, लेक तीन आठवडे येणार नाही. गेल्या वर्षी परीक्षेनंतर ती आली आणि उत्साहाने थेट कँटरला लागली, पुढचं सांगायला नको. यंदा काकांना कागद लिहून दिलाय: दाणा निम्म्यावर, गवत तेवढंच, रोज तीन तास मोकळा, बुधवारी आणि शनिवारी लांब दोरावर दहा मिनिटं. लेक परत आल्यावर पहिले चार दिवस चाल, गळ्यात पट्टा. कागदाच्या तळाशी तिने स्वतः एक ओळ वाढवली आहे, «थांऽऽब हळू म्हणा, काका.»